सावळारामची भिंत

दिघाशीच्या रस्त्याने आत वळलं की थोड्या अंतरावर हे गाव लागतं. नाव सांगून उगाच भांडण कशाला लावायचं? गावात गावदेवीचं देऊळ आहे, देवळापुढे मोठं अंगण आहे, आणि अंगण संपून डांबरी रस्ता लागतो तिथे एक स्टेज आहे. सिमेंटचं, चांगलं ऐसपैस, वर स्लॅब, त्याखाली भक्कम खांब. आसपासच्या गावांनी हेवा करावा असं. फक्त एक गोची होती. ते उलटं बांधलं होतं.

उलटं म्हणजे कसं, तर स्टेजचं तोंड रस्त्याकडे आणि मागची भिंत देवळाकडे. ज्या पुढाऱ्याने निधी दिला त्याच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर लागायची होती, आणि ती मानकोलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांमधून दिसायला हवी होती. म्हणून ठेकेदाराने नकाशा फिरवला. पाटी छान दिसली. पण त्या स्टेजवर जो उभा राहील त्याची पाठ थेट देवीला होणार, हा विचार ठेकेदाराच्या डोक्यातही आला नाही. आला तो गवंडीकाम करणाऱ्या सावळारामच्या. तो बोललासुद्धा. "तू थापी चालव, अक्कल नको चालवू," असं उत्तर मिळालं, आणि पोटापाण्यासाठी काम करणाऱ्या माणसाने थापी चालवली.

या गावात देवीला पाठ दाखवत नाहीत. दर्शन घेऊन निघालेलं माणूस उंबरठ्यापर्यंत उलट्या पावलांनी येतं, मग ते शाळेतलं पोर असो की काठी टेकणारी म्हातारी. जत्रेत वाजवणारे देवीच्या दाराकडे तोंड करून वाजवतात, आणि लोक दोन्ही अंगांना बसतात, मधली वाट मोकळी ठेवून. त्यामुळे उद्घाटनाला पुढारी भाषण करून गेले ते गेले, त्यानंतर गाणं म्हणायला त्या स्टेजवर कोणी पाय ठेवला नाही. तिथे मिरच्या वाळल्या, पापड वाळले, दुपारच्या उन्हात बकऱ्या रवंथ करत बसल्या. पुढारी निवडणूक हरला. ठेकेदाराने दुसरीकडे कामं धरली. हाताशी सापडला एकटा सावळाराम, आणि गावाने स्टेजला नाव दिलं 'सावळारामची भिंत'. तेव्हापासून सावळाराम देवळाकडे यायचा तो मागून, शेताच्या बांधावरून. पुढच्या रस्त्याने त्याला कुणी पाहिलं नाही.

सावळारामची थोरली लेक रूपा. तिचं सासरही याच गावातलं, त्यामुळे बापाचं हे बांधावरून येणं तिला वर्षानुवर्षं रोज दिसत होतं.

रूपा मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. गावातल्या आणखी बायकाही तिच्याबरोबर तिथेच. शिफ्ट सुटली की कंपनीची बस येईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून कोणीतरी खोक्यावर ताल धरला, कोणीतरी हळदीचं गाणं काढलं, आणि त्या रिकाम्या वेळातून 'गावदेवी महिला बेंजो ग्रुप' उभा राहिला. बेंजो म्हणजे ते लांबट पेटीवरच्या तारांचं वाद्य, एका हाताने बटणं दाबायची आणि दुसऱ्याने तारा छेडायच्या. या भागात त्याच्याशिवाय हळद लागत नाही. तो गळ्यात अडकवून रूपाच वाजवायची. ढोलकी, ताशा, झांजा बाकीच्या बायका. आणि गायला काशीआत्या.

काशीआत्या म्हणजे सावळारामची बहीण. गावची धवलारीण. लग्नात भटजी येवो न येवो, काशीने धवले गायल्याशिवाय नवरा-नवरी उभे राहत नाहीत, असा तिचा मान. दात गेले होते पण आवाज जागचा हलला नव्हता. शेलार गावच्या एका हळदीत या बायकांनी असा काही धुरळा उडवला की आमंत्रणांवर आमंत्रणं यायला लागली. सगळ्या गावांतून आली. फक्त स्वतःच्या गावातून नाही.

रूपाला तेच खुपत होतं. परक्या मांडवात टाळ्या घ्यायच्या आणि आपल्या देवीच्या जत्रेत मात्र गर्दीत उभं राहून गावातल्याच भूपेशच्या पार्टीचा बेंजो ऐकायचा, हे तिला सहन होत नव्हतं. यंदाच्या चैत्रातल्या जत्रेत गावदेवी आईपुढे वाजवायचंच, असं तिने मनाशी धरलं होतं.

जत्रेची मीटिंग देवळाच्या सभामंडपात भरली. पुरुष सतरंजीवर, बायका बाहेर पायऱ्यांवर. भूपेश मधोमध. तो जत्रा कमिटीचा अध्यक्ष, आणि 'भूपेश बेंजो पार्टी'चा मालकही तोच. म्हणजे अर्ज करायचा त्याच्याकडे आणि स्पर्धाही त्याच्याशीच.

रूपा पायरीवरूनच बोलली, "आमच्या ग्रुपला या साली पाळी पायजे."

"पाळी?" भूपेश हसला. "अंगणात आमची पार्टी. पालखीपुढं आमची पार्टी. तुमी काय झाडावर बसून वाजवणार?"

सतरंजी हसली. भूपेशला आणखी चेव चढला.

"बरं, रागावू नको गो. स्टेज रिकामंच हाय की! स्टेज तुमचं. चढा, वाजवा, त्याचं काय पायजे ते करा. कोण अडवतंय?"

आता तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना ठाऊक होतं, त्या स्टेजवर कोणी चढत नाही. सावळारामच्या लेकीला सावळारामची भिंत देऊन टाकली, यापेक्षा मोठा विनोद गावात बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. रूपाचे कान लाल झाले. पण ती उठली नाही.

"दिलंस ना? सगळ्यांच्या समोर?"

"दिलं गो बाय, दिलं!"

"सरपंचबाई, तुमी ऐकलं?"

सरपंच रीमावहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. फारसं बोलत नसत, पण त्यांची मान मात्र बरोबर वेळेला हलायची. "ऐकलं," त्या म्हणाल्या. लोकांनी तेही हसण्यावारी नेलं.

रूपा तडक काशीआत्याच्या घरी गेली. आत्या तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला सारलं.

"तुझ्यासाठी मी वेशीवर गाईन, उकिरड्यावर उभी ऱ्हाऊन गाईन. पन आईला पाठ करून? न्हाय गो. ते मना जमणार न्हाय."

"मग देवळाकडं तोंड करू की."

"म्हंजे भिंतीकडं! आईनं काय सिमीट बघत गाणं ऐकायचं? आणि लोकांनी आमच्या पाठी बघायच्या?"

काशीशिवाय ग्रुप म्हणजे मिठाशिवाय कालवण. वाजवणाऱ्या बायका कितीही तयार असल्या तरी देवीला हाक मारायला जो आवाज लागतो तो एकटीकडेच होता. त्या रात्री रूपा जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर तिने चुकीच्या खोक्यांना चुकीची लेबलं लावून सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

शिफ्ट सुटल्यावर बायकांनी तिला ओढूनच डॉकवर बसवलं. डॉक म्हणजे गोडाऊनचा तो उंच ओटा जिथे ट्रक पाठ लावून उभे राहतात. या गोडाऊनला असे दोन डॉक, एक पुढे, एक मागे, मधे लांबलचक फरशी. रूपाने जीव नसल्यासारखा बेंजो छेडायला घेतला. पुढच्या बाजूला दोन-चार ड्रायव्हर नेहमीप्रमाणे ऐकत उभे राहिले. एवढ्यात मागे माल उतरवायचा म्हणून कुणीतरी मागचं शटर वर केलं. वारा आरपार आला. आणि मागच्या बाजूने एक ड्रायव्हर ओरडला, "अरे वा दीदी, और बजाओ! इधर भी सुनाई दे रहा है!"

रूपाचा हात तारेवरच थांबला. तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मधे काही नव्हतं. दोन्हीकडची माणसं तिला बघत होती आणि ती दोन्हीकडच्यांना बघत होती.

"गो बायांनो," ती म्हणाली, "भिंत कशाला पायजे?"

संध्याकाळी ती सरपंचबाईंच्या ओट्यावर हजर. रीमावहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. पंचायतीत ठराव घेता येईल, त्या म्हणाल्या, पण भिंत काढली आणि स्लॅब खाली आला तर? ज्याने बांधलं त्याला आधी विचारा, मग इंजिनियरला दाखवू.

बांधणाऱ्याला विचारायला रूपाला लांब जायचं नव्हतं. पण ते सोपंही नव्हतं. त्या स्टेजचं नाव माहेरी निघत नसे. सावळाराम ओटीवर बिडी ओढत होता. रूपाने विचारलं तशी त्याने बिडी विझवली.

"स्लॅब खांबांवर हाय," तो म्हणाला. "भिंत नुसती उभी हाय. पाटी टांगायला."

"मग पाडायला तुमी या, बाबा."

"न्हाय. मी त्या भिंतीजवळ येणार न्हाय. पुरे झालं माझं हसं."

तो उठून आत गेला. रूपाला वाईट वाटलं, पण तिने पुन्हा विचारलं नाही.

इंजिनियर आला, खांब बघितले, वर बघितलं, ठोकून बघितलं आणि सावळाराम म्हणाला तेच म्हणाला. पंचायतीच्या सभेत ठराव आला तेव्हा भूपेश ताडकन उठला.

"सरकारी भिंत हाय! अशी कशी पाडता?"

"त्याचं काय पायजे ते करा, असं तुमीच बोलला होता, भाऊ," रीमावहिनी म्हणाल्या. "देवळात बसून बोलला होता."

सगळी सभा भूपेशकडे बघायला लागली. देवळात दिलेला शब्द, आणि तोही अध्यक्षाने दिलेला. भूपेशने घसा खाकरला, खाली बसला आणि हात वर केला. ठराव पास.

रविवारी सकाळी बायका घण, पहार, घमेली घेऊन जमल्या. कोणाचा नवरा आला, कोणाचा दीर. घण उचलायला सगळे तयार, पण पहिला घाव कुठे घालायचा हे कोणालाच कळेना. एकाने मधे मारला, घण उसळून आला आणि भिंतीवर ओरखडाही उठला नाही. रस्त्यावरची बघी मंडळी हसायला लागली.

"असा न्हाय मारायचा."

आवाज रस्त्याकडून आला होता. बांधावरून नव्हे, पुढच्या रस्त्याने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सावळाराम चालत आला होता. हातात त्याची जुनी छिन्नी आणि हातोडी. बघ्यांचं हसणं विरलं. तो स्टेजवर चढला नाही, वळसा घालून देवळाच्या बाजूला गेला, देवीकडे तोंड करून हात जोडले, मग भिंतीकडे वळण्याआधी पुटपुटला, "एवढ्यापुरती पाठ माफ कर आई." आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे भिंत तुळईला नुसती टेकली होती, तिथे छिन्नी लावली.

पहिल्यांदा स्टेजवरच्या बायकांना सांगून सांगून पाटी उतरवून घेतली. अख्खी, एकही टवका न उडवता. कामाला काम म्हणून मान द्यायची त्याची सवय. मग विटा निघू लागल्या. मधे खिडकीएवढं भोक पडलं तेव्हा बायका स्टेजच्या रस्त्याकडच्या बाजूला घमेली घेऊन उभ्या होत्या. धूळ बसली आणि रूपाने वर पाहिलं.

भोकातून आई दिसत होती. देवळाचं दार उघडं, आत शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे आईची शिळा, त्यावर चांदीचे डोळे. सगळं सरळ रेषेत. रस्त्याने एक टेम्पो चालला होता, त्याच्या ड्रायव्हरने गाडी हळू करून कपाळाला हात लावला. त्याच्या मागच्या रिक्षानेही तसंच केलं. इतकी वर्षं रस्त्यावरून पुढाऱ्याचं नाव दिसत होतं, आज आई दिसली. रूपाला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही तिने दाबलं नाही.

संध्याकाळपर्यंत भिंत साफ. पाटीचं काय करायचं हा प्रश्न उरला. काशीआत्याने ती कपडे धुवायला मागितली. रीमावहिनींनी डोळे वटारले आणि ती रस्त्याकडच्या जोत्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवून घेतली. निधी दिला होता हे तर खरं, नाव रस्त्यावरून दिसायला हवं होतं, ते दिसत राहिलं. कोणाची तक्रार आली नाही.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरलं तसं अंगण भरलं. काशीआत्या हिरवं लुगडं नेसून आली. स्टेजच्या पायरीशी थांबली, चपला काढल्या, वर चढली आणि मधोमध उभी राहून देवळाकडे बघितलं. म्हातारी डोळे बारीक करून बघतच राहिली.

"डोलं दिसतान आईचं," ती म्हणाली. "चल, वाजव."

रूपाने गळ्यातल्या पट्ट्याला बेंजो नीट अडकवला आणि तार छेडली. ढोलकी आली, झांजा आल्या, ताशाने वर उचलून धरलं. मग काशी गायली.

*ऊन कललं आई, उंबऱ्याशी ये गो,*
*लेकी आल्या दारी, नजरेमधी घे गो.*

अंगणातल्या लोकांनी आपण होऊन मधली वाट मोकळी केली होती. दोन्ही अंगांना माणसं, मधून देवीची नजर सरळ स्टेजवर. बायकांनी पदर खोचले. पोरं नाचायला लागली. जे अंगणात मावले नाहीत ते रस्त्यावर उभे होते. त्यांना वाजवणाऱ्यांच्या पाठीच दिसत होत्या, पण पाठींच्या पलीकडे आई दिसत होती, त्यामुळे कोणाची कुरकुर नव्हती. रूपाला जे हवं होतं ते झालं होतं. यापुढे आणखी काही होईल असं तिच्या मनातही नव्हतं.

तेवढ्यात पालखीची वेळ झाली. आईचा मुखवटा पालखीत बसला. रस्त्यावर भूपेशची पार्टी टेम्पोत तयार होती, स्पीकरच्या भिंती रचून. रीत अशी की पालखी अंगणाच्या कडेने, स्टेजच्या डाव्या अंगाने रस्त्यावर जायची आणि तिथून बेंजो तिच्यापुढे लागायचा. भूपेशने आवाज सोडला. जमीन हादरली. रूपाला वाटलं, झालं, आपली वेळ संपली. ती थांबणार, तोच काशीआत्या तिच्या कानाशी ओरडली.

"आई चालली गो! तिच्याकडं बघ! वळ!"

पालखी डावीकडे सरकली तशी काशी डावीकडे वळली. तिच्याबरोबर रूपा वळली, ढोलकी वळली, ताशा वळला. देऊळ आता रिकामं होतं. आई पालखीत होती. पाठ कोणाला दाखवायची नाही, तर पालखीला नाही. पालखी स्टेजच्या कडेला आली, या बायका तिच्याकडे तोंड करून वाजवत होत्या. पालखी रस्त्याच्या अंगाला आली, या रस्त्याकडे वळल्या, आणि इतका वेळ नुसत्या पाठी बघणाऱ्या लोकांना एकदम त्यांचे चेहरे दिसले. घामाने निथळणारे, हसणारे, कपाळावरचं कुंकू पसरलेले. रस्त्यावरून असा गलका उठला की भूपेशचे स्पीकर त्यात बुडाले.

पालखीचा पुढचा दांडा चिंधूच्या खांद्यावर होता. चिंधू म्हणजे पालखीचा जुना भोई, आई अंगावर घेतली की त्याचे पाय जमिनीवर नसत. त्याने एकदा टेम्पोकडे बघितलं, एकदा स्टेजकडे बघितलं, आणि हसून पालखी पुन्हा आत वळवली. स्टेजला फेरी!

आता पालखी स्टेजभोवती नाचत फिरायला लागली आणि वर बायका तिच्याबरोबर फिरायला लागल्या. चारी बाजू मोकळ्या, कुठे भिंत नाही, कुठे आडोसा नाही. फक्त एकच अडचण झाली. रूपाच्या बेंजोची वायर. ॲम्प्लिफायर स्टेजखाली, आणि ती गोल फिरतेय म्हटल्यावर वायर खांबाला वेढा घालायला लागली, काशीआत्याच्या पायात आली. एक पाऊल चुकलं असतं तर म्हातारी पडली असती किंवा बेंजो बंद पडला असता.

"बाबा!" रूपा ओरडली. "वायर!"

सावळाराम खालीच होता, गर्दीच्या पुढे. तो क्षणभर थबकला. त्या स्टेजचं प्रत्येक घमेलं त्याने वाहिलं होतं, पण बांधून झाल्यावर त्यावर तो कधी उभा राहिला नव्हता. मग त्याने चपला भिरकावल्या आणि चढला. वायर खांबावरून सोडवली, डोक्यावर उंच धरली आणि बायकांच्या मधोमध उभा राहून त्यांच्याबरोबर फिरायला लागला. पालखीकडे तोंड. लेक वाजवतेय, बहीण गातेय, आई समोर. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात वायरीत गुंतल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

"सावळाराम चढला रे स्टेजवर!" कोणीतरी आरोळी ठोकली. आणि मग सगळ्या गावाने टाळ्यांचा ताल धरला.

भूपेशचा टेम्पो गप्प झाला होता. म्हणजे करावाच लागला. त्याचा ढोलकीवाला केव्हाच उडी मारून पालखीपुढे नाचायला गेला होता. भूपेश थोडा वेळ स्टेअरिंगला हात टेकून बसला. मग गळ्यात ताशा अडकवून, गर्दीतून वाट काढत पायरीपाशी आला. वाजवणारा माणूस शेवटी वाजवणाराच, असा ताल चालू असताना किती वेळ बसून राहील?

"रूपा, येऊ का वर?"

रूपाच्या मनात मीटिंगमधलं ते हसणं येऊन गेलं. पण तिचे हात तारांवर होते आणि आई समोर होती. ती हसली.

"ये की. पन चपला काढून."

भूपेशने चपला काढल्या. तो वर चढला, आईकडे तोंड केलं आणि ताशावर काठी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपा ड्युटीला निघाली तेव्हा नाक्यावर शेअर रिक्षात बाहेरगावची एक बाई बसली होती, नाकातली नथ सांभाळत. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं सोडू मावशी?"

"देवळाशी. ते नाही का, सावळारामचं स्टेज हाय, तिथं."

रूपाने कंपनीची बस येऊन गेलेली पाहिलीसुद्धा नाही. समोरून, पुढच्या रस्त्याने, हातात फुलांची परडी घेऊन तिचा बाप देवळाकडे चालला होता.